पद्मिनी (चारचाकी) : एक नोंद

पद्मिनी : इटलीतल्या फियाट ११०० या मोटारीवरून भारतात तयार झालेली चार दारांची मोटार. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती बनत असे. आधी फियाट, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी अशी तिची नावे बदलत गेली; लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. पुढच्या दारांना त्रिकोणी काचेची छोटी खिडकी. वजन नऊशे किलोंच्या आसपास. या शेवटच्या आकड्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

प्रस्तुत नोंद या मोटारीच्या एकाच नगाविषयी आहे. हा नग १९७४ चा असून १९९१ ते १९९६ या काळात पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या बोळात उभा असे. नगाचा त्या काळातला मालक आणि या नोंदीचा लेखक ही एकच व्यक्ती आहे. तटस्थता सुटू नये म्हणून त्याला यापुढे ‘मालक’ असे म्हटले आहे. हे संबोधन ऐकण्याची त्याला त्या वयात फार हौस होती.

नाव : चितोडच्या राणी पद्मिनीवरून हे नाव आल्याचे सांगतात. जुन्या कामशास्त्रीय ग्रंथांत स्त्रियांचे पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी आणि हस्तिनी असे चार प्रकार मानले असून त्यांत पद्मिनी श्रेष्ठ. प्रस्तुत नग मालकाच्या हाती येईपर्यंत सतरा वर्षांचा झाला होता. तोवर तो हॉर्नच्या बाबतीत शंखिनी आणि वळण घेण्याच्या बाबतीत हस्तिनी झालेला होता. रंग कागदोपत्री पांढरा. मालक मित्रांशी बोलताना त्याला ‘माझी फियाट’ म्हणे, मुलींशी बोलताना ‘माझी गाडी’ आणि बँकेतल्या साहेबांशी बोलताना ‘आमच्या वडिलांची जुनी गाडी’.

प्राप्ती : डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतर गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घरात तिचाच विषय निघू लागला. मारुती म्हणजे खरी गाडी नव्हे, हे मालकाचे मत मारुती परवडत नाही हे कळले त्याच दिवशी तयार झाले. गाडी जड हवी, तिला वजन हवे, असे तो सांगत सुटला आणि सव्वीस हजारांना ही तिसऱ्या हाताची फियाट ठरली. निम्मे पैसे त्याच्या पगारातले, निम्मे वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातले. पैकी पहिल्या निम्म्याचाच उल्लेख तो चारचौघांत करत असे.

खरेदीपूर्वी मालकाने गाडीची कसून तपासणी केली. म्हणजे एका चाकाला बुटाने टिचकी मारली, बॉनेट उघडले, आत पाहिले, ‘हं’ म्हणाला आणि बॉनेट लावले. आत इंजिन आहे, एवढी त्याची खात्री पटली. पुढे जे जे बिघडले त्याचा दोष म्हणूनच कारखान्याकडे जात नाही. सतरा वर्षे आणि एक ‘हं’ एवढे पुरेसे होते. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून गाडी नावावर झाली. फॉर्मवरच्या सहीचा सराव मालकाने आदल्या रात्री वहीच्या दोन पानांवर केला होता.

शिक्षण : मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायापाशीही क्लच आणि ब्रेक असतात. आपल्याला क्लचचे उपजत ज्ञान आहे, गाडी कधी गचका खातच नाही, असे मालकाचे पंधरा दिवसांत मत झाले. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर पक्क्या परवान्याच्या परीक्षेपर्यंत किमान तीस दिवस जावे लागतात. ते तीस दिवस त्याने इतरांच्या चुका दाखवण्यात घालवले. उपजत ज्ञान शिक्षकाच्या डाव्या पायात होते, हे स्वतःची गाडी पहिल्यांदा बोळात घालताना उघड झाले. गाडीने तीन गचके खाल्ले आणि चौथ्याला सामाईक नळाखाली लावलेले एक तांब्याचे घंगाळ चेपले.

घंगाळाच्या मालकीण काकू बाहेर आल्या. त्यांनी आधी घंगाळ पाहिले, मग गाडी पाहिली आणि म्हणाल्या, “घंगाळ माझं, पोचा तुझा. दोन्ही आता तूच ठेव. मला नवीन आणून दे.” गाडीवर झालेला हा पहिला खर्च. तो तांबट आळीत झाला.

साज : गाडीपेक्षा गाडीतला मालक दिसला पाहिजे, या तत्त्वावर साज चढवण्यात आला. कॅसेट प्लेअर, मागच्या काचेखाली दोन मोठे स्पीकर, स्टिअरिंगला मखमली कव्हर, डॅशबोर्डवर छोटा पंखा, पुढे दोन जादा दिवे आणि मूळच्या हॉर्नच्या जोडीला एक भसाडा हॉर्न. याशिवाय गॉगल, जो गाडीचा भाग नसला तरी गाडी सुरू होण्यापूर्वी लावला जाई आणि सूर्य मावळल्यावरही उतरत नसे.

या सर्वांना वीज लागते. प्रस्तुत नगात डायनॅमो होता. इंजिन मंद फिरत असताना डायनॅमो पुरेशी वीज देत नाही. अशा वेळी दिवे, पंखा आणि गाणी चालू ठेवली की बॅटरीतली शिल्लक संपू लागते. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर कोणतीही मोटार मंद गतीनेच जाते. मालक रोज संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यानेच जाई, कारण तिथे बघायला माणसे असत. काचा खाली, गाणी वर. परिणामी रोज सकाळी बॅटरी उतरलेली. मेस्त्रींनी दोनदा गाडी तपासली आणि तिसऱ्यांदा हात पुसत सांगितले, “साहेब, गाडीत काही नाही. गाण्यात आहे.” मालकाने मेस्त्री बदलला.

चौकशी : मोटार घेणाऱ्याला समाज दोन प्रश्न विचारतो : केवढ्याला पडली आणि ॲव्हरेज किती देते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीही असले तरी त्यावर ‘फसलास’ हा एकच अभिप्राय मिळतो. मालकाने आकडा वीस हजारांपर्यंत उतरवून पाहिला, तरी तो फसलेलाच होता. एकाने तर ‘एवढ्यात आमच्या मेव्हण्याने दोन घेतल्या असत्या’ असे सांगितले. मेव्हण्याकडे लूना होती. दुसऱ्या प्रश्नाला मालक ‘पंधरा’ सांगे. खरा आकडा त्याने कधी काढला नाही, कारण काढला असता तर त्याला तो माहीत झाला असता. गाडी कुठे कुठे नेलीस, काय काय पाहिलेस, हा प्रश्न पाच वर्षांत कोणीही विचारला नाही. याचा राग मालकाला अजून आहे, आणि या नोंदीचे एक कारण तेही आहे.

धक्का : बॅटरी उतरलेल्या मोटारीला मागून दिलेली गती. एरवी इंजिन चाकांना फिरवते. धक्क्यात चाके इंजिनाला फिरवतात. चालकाने किल्ली फिरवावी, क्लच दाबून दुसरा गिअर टाकावा, मागच्यांनी गाडी पळवावी आणि वेग आला की क्लच झटकन सोडावा. पहिल्या गिअरमध्ये गाडी गचका खाऊन थांबते. तिसऱ्यात इंजिनाला पुरेसे फेरे मिळत नाहीत. बॅटरीत ठिणगीपुरता तरी जीव हवा. ती पार मेलेली असेल तर अख्खी पेठ ढकलत आली तरी उपयोग नाही.

धक्क्याची गरज असलेला मनुष्य गावाचा भूगोल नव्याने शिकतो. सपाट वाटणारे रस्ते सपाट नसतात. गाडी कुठे लावावी हे तो सावलीवरून किंवा कामाच्या ठिकाणावरून ठरवत नाही, उतारावरून ठरवतो. मालक पर्वतीच्या पायथ्याला गाडी लावून चालत टिळक रस्त्यावर कामाला जाई. त्याला पर्वतीचा देव पावला, असा वाड्यात समज होता.

उतार नसेल तिथे माणसे लागतात. गणपतीचे गाडे ढकलण्याचा ज्या शहराला सराव आहे, तिथे माणसे मिळण्यास अडचण नाही. त्यांचे पुढील प्रकार आढळतात :

(१) सल्लागार. हा पानाच्या दुकानापाशी उभा असतो व गाडीला हात लावत नाही. “सेकंडला टाक, सेकंडला!” एवढे तो ओरडतो. गाडी सेकंडलाच असते. गाडी सुरू झाली तर त्याच्या सांगण्यामुळे होते, न झाल्यास त्याचे न ऐकल्यामुळे.

(२) गोप. गोवर्धन पर्वताला काठ्या लावून उभे राहिलेल्या मंडळींचे हे वंशज. डिकीवर पंजा ठेवून गाडीबरोबर चालत जाणे हे यांचे कार्य. यांचा चेहरा सर्वांत जास्त लाल होतो.

(३) मंडळाचे कार्यकर्ते. खरे बळ यांच्याकडे असते, पण यांना थांबवता येत नाही. एकदा मोरयाचा गजर झाला की इंजिन सुरू होऊनही गाडी ढकललीच जाते. मालकाला एकदा त्यांनी पेरूगेटाच्या चौकापर्यंत पोचवले. जायचे होते स्वारगेटला.

(४) भाऊचा धक्का. या नावाचे बंदर मुंबईत माझगावला असून तिथून रेवस आणि मोऱ्याच्या लाँची सुटतात. मालकाच्या घरी या संज्ञेचा अर्थ वेगळा होता. धाकटा भाऊ दर धक्क्याला दोन रुपये घेत असे. दिवाळीत त्याने दर वाढवला आणि परीक्षेच्या दिवसांत सेवा बंद ठेवली. लाँचींप्रमाणे पावसाळ्यातही ती बेभरवशाची होती.

सल्लागार आणि गोप वजा केले, कार्यकर्ते सकाळी झोपलेले असले आणि भावाशी दरावरून फिसकटलेले असले, की नऊशे किलोंपाशी एकच मनुष्य उरतो.

(५) वडील. वाड्यात यांना अण्णा म्हणत. निवृत्त शिक्षक, वय त्रेसष्ट, अंगाने किरकोळ. जन्मभर सायकल. त्यांनी गाडीबद्दल कधी तक्रार केली नाही, की बॅटरी बदल असेही कधी म्हटले नाही. रात्री जेवताना फक्त विचारत, “उद्या किती वाजता निघायचंय?” त्या वेळी ते खाली येत आणि पँटचा उजवा पाय घोट्यापाशी गुंडाळून त्याला सायकलची लोखंडी क्लिप लावत. सायकलीच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून ही क्लिप असते. गाडी ढकलताना ती लागत नाही. पण अण्णांच्या हिशेबी चाक असलेल्या कोणत्याही वस्तूपाशी क्लिपशिवाय जाणे बेजबाबदारपणाचे होते. क्लिप लावून झाली की ते डिकीवर दोन्ही पंजे टेकत आणि म्हणत, “हं, चल.” मालकाने बॉनेट उघडून काढलेला ‘हं’ आणि हा ‘हं’ यांतला फरक मालकाला तेव्हा कळत नसे.

धक्का देऊन सुरू केलेल्या गाडीत धक्का देणाऱ्याला बसता येत नाही. थांबली तर ती पुन्हा बंद पडते. हा या पद्धतीतला अंगभूत दोष होय. १९९२ च्या मे महिन्यात मालकाच्या मावसबहिणीच्या लग्नाला सगळे कुटुंब गाडीतून निघाले. आई पुढे, भाऊ मागे नव्या कपड्यांत आणि म्हणून संपावर. अण्णांनी कोटावर शाल घेतलेली होती. ती घडी करून त्यांनी मागच्या सीटवर ठेवली, क्लिप लावली आणि गाडी ढकलली. गाडी सुरू झाली. मालकाने त्रिकोणी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि गाडी कार्यालयाकडे नेली. अण्णा मागे राहिले. वाटेत एका चौकात लाल दिव्याला इंजिन बंद पडले. सल्लागार जमले, गोप जमले, वीस मिनिटे गेली. गाडी कार्यालयाच्या दाराशी आली तेव्हा अण्णा सायकल भिंतीला लावून, घाम पुसत, व्याह्यांशी बोलत उभे होते. “गाडी पार्क करून येतोय माझा मुलगा,” असे ते सांगत होते. क्लिप पायाला तशीच होती.

घाट : मोटारीच्या बढाया घाटात तपासल्या जातात. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होईपर्यंत मुंबई-पुणे जाणाऱ्या सर्व मोटारी बोरघाटातल्या जुन्या रस्त्याने चढत आणि उन्हाळ्यात कडेला बॉनेट उघडून ओळीने उभ्या राहत. १९९२ च्या त्याच मे महिन्यात मालक चार मित्रांना घेऊन अलिबागला गेला आणि परतताना भर दुपारी खोपोलीहून घाट चढू लागला.

या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणजे शिंग्रोबा, आणि वाट दाखवल्यावर त्यांनी त्यालाच मारले, अशी आख्यायिका आहे. वाहनवाले तिथे नाणे टाकून पुढे जातात. मालकाने वैज्ञानिक दृष्टिकोन असल्याचे मित्रांना सांगितले आणि नाणे वाचवले. पुढची काही वळणे तो याच विषयावर बोलत होता. मग बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि पाणी एकदम वाफ होऊन उसळते. ही माहिती मालकाला होती, असे तो नंतर सांगत असे. झाकण त्याने एका मित्राच्या नव्या टॉवेलने धरून उघडले. हात वाचला. कपाळावर मुद्दाम आणलेली केसांची झुलपे मात्र वाफेने सपाट झाली ती पुण्यापर्यंत उठली नाहीत. पाणी भरले तरी गाडी सुरू होईना, कारण उष्णतेने पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ झाली होती. यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके टाकून वाट पाहणे. मित्राचा टॉवेल याही कामी आला. चढावर धक्का देता येत नाही, हे उघड आहे.

मालक ‘पाय मोकळे करून येतो’ असे सांगून उतारावरून देवळापर्यंत चालत गेला आणि पाच रुपये टाकून परत आला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. तोवर पाऊण तास गेला होता आणि इंजिन थंड झाले होते, हे या नोंदीच्या तटस्थतेसाठी सांगणे भाग आहे.

आरसा : मोटारीच्या आतला आरसा मागची संपूर्ण काच दिसेल असा लावावा, असा नियम आहे. प्रस्तुत नगातला आरसा मालकाची झुलपे दिसतील असा लावलेला होता. त्यामुळे जवळजवळ वर्षभर आपल्याला मागून कोण कसे ढकलते हे त्याने पाहिले नव्हते. जुलैत नव्या मेस्त्रींनी गाडी चालवून पाहिली आणि आरसा नीट करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. “हं, चल,” असे ऐकू आले. मालकाने सवयीने वर पाहिले तर आरशात केस नव्हते. ओल्या काचेपलीकडे वाकलेले डोके होते, त्याच्या टोपीवरून पाणी ओघळत होते. एक चप्पल निसटून मागे रस्त्यावर राहिली होती. डोके वर आले, पुन्हा खाली गेले, तोंड उघडे होते. वेग आला होता. क्लच सोडायची वेळ होती. मालकाने तो सोडला नाही. गाडी हळूहळू थांबली.

“काय झालं?” अण्णांनी विचारले. “सेकंडला नव्हती का?”

“अण्णा, तुम्ही बसा आत. मी ढकलतो.”

“मला कुठं येते चालवायला?” अण्णा म्हणाले. त्यांनी मागे जाऊन चप्पल आणली. “तुला चालवता येते, मला ढकलता येते. चल, उशीर होतोय तुला.”

मालकाने त्याच आठवड्यात नवी बॅटरी घेतली. तिची किंमत स्पीकरच्या जोडीपेक्षा कमी निघाली. त्यानंतर गाडी सकाळी किल्लीवर सुरू होऊ लागली. पुढचे काही दिवस अण्णा ठरल्या वेळी क्लिप लावून खाली येत, इंजिन सुरू झालेले ऐकत आणि ‘झाली का?’ असे विचारून वर जात. त्यांना याचा आनंद झाला की नाही, याबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. एका रविवारी मालकाने त्यांना पुढच्या सीटवर बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेले. अण्णा संपूर्ण वाटेत चढ आला की किंचित पुढे झुकत होते.

विक्री : १९९६ मध्ये लग्न ठरल्यावर मालकाने गाडी नाशिकच्या एका गृहस्थांना विकली. त्यांनी चाकाला बुटाने टिचकी मारली, बॉनेट उघडले, आत पाहिले आणि ‘हं’ म्हणाले. मालकाने ॲव्हरेज पंधरा सांगितले. किमतीचा आकडा ऐकून वाड्यातल्या सर्वांनी ‘फसलास’ असे म्हटले. विकतानाही हाच अभिप्राय मिळतो, ही नवी माहिती होती. काकूंनी मात्र गाडी बोळातून बाहेर पडेपर्यंत नळाखालची बादली उचलून हातात धरली.

अवशेष : पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून रस्त्यावरून गेली. प्रस्तुत नगाचे पुढे काय झाले ते समजलेले नाही. त्यातला जॅक आणि पाना नव्या मालकाबरोबर गेले. कॅसेट प्लेअर काढून ठेवला होता, तो चालत नाही. भसाडा हॉर्न भावाने नेला. गॉगल अलिबागच्या समुद्रात पडला, तो घाटापूर्वीच. पोचा आलेले घंगाळ मालकाच्या गॅलरीत असून त्यात कोरफड लावली आहे.

सायकलची क्लिप दाराशेजारच्या खिळ्याला आहे. घरात सायकल नाही. झाडलोट करताना कोणी ती काढून ठेवली, तर मालक संध्याकाळपर्यंत ती पुन्हा खिळ्याला अडकवतो.